वन्सं, तुमच्या हाताला गुण होता

वन्सं, काल दुपारी भाकऱ्या उरकून जरा आडवी झाले आणि डोळा लागला. तर तुम्ही अंगणात लिंबाखाली बसलेल्या. मांडीवर कुणाचं तरी तांबडं कुत्रं, शेजारी गोचीड टाकायला रॉकेलची वाटी, आणि तुमची बोटं त्याच्या मानेवरचे केस उलटे सारत सावकाश चाललेली. कुत्र्यानं डोळे मिटले होते, तुमचेही मिटल्यासारखेच होते. लिंबाचा मोहोर तुमच्या पदरावर पडत होता आणि तुम्ही तो झटकत नव्हता. मी उंबऱ्यात उभी राहून म्हणत होते, "वन्सं, मला तुम्हाला एक सांगायचंय." तुम्ही वर न बघता म्हणालात, "थांब गं शालन, ह्यो एवढा कानातला निगू दे." मी थांबले. खूप वेळ थांबले. मग माझ्या पोरीनं, बेबीनं पदर ओढला आणि जाग आली. अंगणात कुणी नव्हतं, कोंबड्या तेवढ्या उकरत होत्या.

तुम्हाला जाऊन आज एकवीस दिवस झाले. माणसं येतात, ओट्यावर टेकतात, तुमचं चांगलं बोलतात. कुणाच्या म्हाताऱ्या कुत्र्याचा कान तुम्ही सडण्यापासून कसा वाचवला, कुणाची खंगलेली पिल्लं कशी उभी केली, सगळं निघतं. आणि शेवटी चहाची बशी खाली ठेवता ठेवता कुणी तरी हळूच म्हणायचं, "तेवढं गयाच्या मांजरीचं सोडलं तर." आठवड्यापूर्वीपर्यंत दर वेळी म्हणायचं. मी बशा उचलून आत जायचे. त्या मांजरीचं खरं काय ते ह्या गावात मला एकटीला ठाऊक होतं, आणि वर्षभर एका घरात, एका चुलीपुढं बसून मी ते तुम्हाला सांगितलं नाही. तुमच्या नावाला लागलेला तो बोल काढणं माझ्या हातात होतं. आता हे सगळं पहिल्यापासून बोलल्याशिवाय माझा जीव थाऱ्यावर यायचा नाही.

मी नगरची, सातवी फायनल झालेली. आमच्या गल्लीत कुत्र्याशी नातं म्हणजे 'हाड्' म्हणण्यापुरतं. लग्न होऊन तिसगावात आले, आणि हळदीच्या अंगानं पहिल्याच सकाळी अंगणात बघते तर आमच्या थोरल्या नणंदबाई एका लूत भरलेल्या कुत्र्याच्या बगलेत तोंड घालून बसलेल्या! मी पदर नाकाला लावला. तुम्ही उठलात, राखेनं हात घासलेत, धुतलेत, आणि तांब्या पुढं केलात. "पी बाई. हात धुतल्याती." मी पाणी घेतलं आणि तुमची पाठ फिरल्यावर तुळशीत ओतलं. हे तुम्हाला माहीत होतं, कारण पुढं दोन वर्षांनी तुम्ही मला हसत हसत विचारलंत, "आमची तुळस लई तहानलेली वाटली का गं तुला त्या दिशी?" मी अशी काही लाजले! तुमचं हे असं. ऐकून घ्यायचं, पोटात ठेवायचं, आणि राग निवला की बाहेर काढायचं.

सासर सोडून तुम्ही परत माहेरी का आलात, ते मी कधी विचारलं नाही आणि तुम्ही कधी सांगितलं नाही. तुमच्या भावानंही नाही. माणसांचं तुम्ही फारसं बोलतच नव्हता. पण जनावराचं विचारलं की तुमच्या तोंडाला खळ नसायचा. गोचीड उपटायचा नाही, सोडवायचा. उपटला की त्याचं तोंड आत राहतं आणि जागा चिघळते. कातडीला लगटून चिमटीत धरायचा आणि दम खाऊन सरळ वर घ्यायचा. चिरडायचा तर मुळीच नाही, पोटातली अंडी अंगणभर होतात. रॉकेलच्या वाटीत टाकायचा. बघायचं कुठं? तर कानाच्या घडीत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली, गळ्यातल्या पट्ट्याखाली. "लोक पाठ बगत्यात," तुम्ही म्हणायचात, "आन किडा कुटं ऱ्हातो? जितं कुनी बगत न्हाई तितं."

मला तुम्ही शिकवलंत ती दुपार मला अजून पाठ आहे. पोळ्याच्या आसपासचे दिवस होते. अंगणात ऊन पडलं होतं, पण कोवळं, झोप आणणारं. घरात कुणी नव्हतं. तुम्ही कुत्र्याचं डोकं उचलून माझ्या मांडीवर ठेवलंत, विचारलंही नाहीत. मी म्हटलं, "वन्सं, मला किळस येते." तुम्ही म्हणालात, "येऊ दे की. किळस येती आन जाती. त्यो मातुर आपनहून जायचा न्हाई." मग माझ्या बोटांवर बोटं ठेवलीत. तुमची बोटं खरखरीत, पण त्यांचा भार कळत नव्हता. पहिला गोचीड निघाला तेव्हा कुत्र्यानं एक लांब श्वास सोडला आणि झोपेत पाय हलवले. तुम्ही म्हणालात, "हात हलका हाय गं तुजा." सासरी आल्यावर कुणी केलेलं माझं ते पहिलं कौतुक. त्या दिवशी आपण दोघी ऊन भिंतीवर चढेपर्यंत तिथंच बसलो. काय बोललो ते आठवत नाही. बहुतेक काहीच नाही.

आणि दसरा उलटला की तुमचे दिवस यायचे. कोयते बांधून गाड्या निघायच्या ऊसतोडीला, कारखान्याच्या वाटेला, अर्धी गल्ली ओस पडायची. चालती-पळती कुत्री गाडीखालून जायची. पण म्हातारी कुत्री, गाभण कुत्री, मांजरं, ती कुठं न्यायची? मांजर काय घर सोडून फडावरच्या कोपीत राहतं? मग बायका त्यांना कडेवर घेऊन तुमच्याकडं यायच्या. तुमची एकच अट. "तुजं एक जुनेर आन. धुतल्यालं नगं." धन्याच्या अंगाच्या वासाचं कापड खाली असलं की जनावर चार दिवसांत अन्नाला लागतं, असं तुमचं म्हणणं. आमचा सोपा पाच महिने असल्या जुनेरांनी भरलेला असायचा. आल्या दिवशी प्रत्येकाचं अंग तपासायचं. पिल्लाचं पोट नगाऱ्यागत फुगलेलं दिसलं की जंत. मग वावडिंग कुटून गुळात कालवून चाटवायचं. जुनेरं दर दोन दिवसांनी उन्हात, सोप्यात लिंबाच्या पाल्याची धुरी, आणि जमीन शेणानं दाट सारवायची, कारण पिसवा भेगांत अंडी घालतात. चैत्रात गाड्या परतल्या की बायका पोरांना भेटाव्यात तशा आपापल्या जनावरांना भेटायच्या. कुणी काकवीची बाटली आणायचं, कुणी गुळाची ढेप. "आक्काच्या हाताला गुण हाय," म्हणायच्या. तुम्ही ऐकलं न ऐकलं करून आत जायचात. पण त्या दिवशी तुम्ही चुलीपुढं गुणगुणत असायचात, ते मी ऐकलंय.

गयाची ढवळी तशीच आली. कोपऱ्यावरच्या घरातली गया, तोंडाची तिखट, कामाला वाघीण. तिची ही पांढरी मांजर तिनं डोळे उघडायच्या आधीपासून बोळ्यानं दूध पाजून वाढवलेली. तुमच्याकडं देताना तिचे डोळे भरले होते. "आक्का, हिला कुनाच्या घरात जाऊ दिऊ नगा." आणि ढवळी पण काय मांजर! पहिल्याच आठवड्यात बेबीच्या पांघरुणात शिरली. दोघी एकमेकींच्या पोटावर झोपायच्या. तुम्ही दारात उभ्या राहून बघत बसायचात.

आपलं भांडण त्या पावडरीवरून. ह्यांनी पिकावर धुरळायला पांढऱ्या पावडरीचं पोतं आणलं होतं, ते सोप्याच्या कोपऱ्यात पडलेलं असायचं आणि घरभर त्याचा कुबट वास यायचा. मी म्हणायचे, "दिवसदिवसभर ते वेचत बसता, वन्सं. चिमूटभर पावडर चोळली की खेळ खलास. लोक बैलांना नाही का चोळत?" तुम्ही म्हणायचात, "किडा मरतो ते समद्यांनी बगितलं. जनावराचं काय हुतं ते कुनी बगितलंय? आन मांजराला तर बोटबी लावायचं न्हाई त्याचं. मांजर जिभंनं आंगूळ करनारी जात हाय. तिच्या अंगावर जे टाकशील ते तिच्या पोटात जानार."

"तुमचं आपलं काहीतरीच! सरकार काय खुळं आहे ही पावडर वाटायला?"

"सरकारनं मांजर पाळलंय व्हय?"

मी चिडून पाट आपटला होता. तुम्ही हसलात, मी आणखी चिडले. शिकलेली मी, आणि अंगठा उठवणाऱ्या नणंदेनं मला गप्प करावं! हे भांडण आपण अधूनमधून उकरून काढायचो, कंटाळा आला की. तुम्हाला वाटायचं मी गंमतीनं भांडते. तसं नव्हतं, वन्सं. मला जिंकायचं होतं.

मग तो दुष्काळ. त्याचं किती सांगायचं, सगळ्यांनीच भोगलाय. पण आपल्या घरात तो कुठून शिरला ते मी सांगते. गुरं छावणीत गेली आणि गोठा मोकळा झाला. शेण नाही, पाणी नाही, मग सारवण कुठलं? जमिनीला भेगा पडल्या आणि भेगाभेगांतून पिसवा उठल्या. गुरं नव्हती, मग चावणार कुणाला? मांजराला आणि पोराला. ढवळीच्या पांढऱ्या अंगावर त्या पळताना लांबून दिसायच्या. बेबीचे पाय मांड्यांपर्यंत लाल झाले, पोर खाजवून खाजवून रक्त काढायची. तुम्ही रोज सकाळ-संध्याकाळ लाकडी फणी घेऊन ढवळीला विंचरायला बसायचात, विंचरलेलं राखेच्या परातीत झाडायचात. रोज कमी होतात म्हणायचात. मला काही कमी दिसत नव्हत्या. शेवटी तुम्हीच तुमचा नियम मोडलात. करंजाचं तेल दोन बोटं घेतलंत आणि तिच्या मानेमागं लावलंत, जीभ पोचत नाही तिथं. "एवड्यानं काय हुनार न्हाई," म्हणालात, पण चेहरा कावराबावरा झाला होता. मग हंडा घेऊन पाण्याला गेलात. तेव्हा पाण्याला जायचं म्हणजे अर्धा दिवस जायचा.

आता ऐका.

तुम्ही गेल्यावर बेबी उठली ती रडतच. पाय बघितले तर रात्रीतून नवे फोड. माझं डोकं फिरलं. खरं सांगते, मला ढवळीचा राग आला, तुमचा आला, तुमच्या त्या फणीचा आला. मी पोतं सोडलं, फडक्यात पावडर घेतली, ढवळीला मानगुटीला धरलं आणि शेपटीपासून कानापर्यंत चोळली. पोटाला, पायांना, सगळीकडं. ती ओरडली नाही. सोडल्यावर तिनं एकदा अंग झाडलं, दारात उन्हाच्या तुकड्यात जाऊन बसली, आणि चाटायला लागली.

मी समोर बसून बघत होते. पुढचा पाय चाटला, दुसरा चाटला, मग पाठ वळवून कूस चाटली. तुमचं वाक्य मला शब्दन्‌शब्द आठवलं. बाहेर सगळं पांढरं ऊन होतं, कुठं पान हलत नव्हतं, आणि तिच्या जिभेचा बारीक खरखर आवाज येत होता. घरात अर्धा हंडा पाणी होतं. उठून तिला धुता आलं असतं. मी मनात म्हटलं, प्यायचं पाणी मांजरावर ओतू? आणि म्हटलं, वन्संचं आपलं काहीतरीच. आणि बसून राहिले. अजूनही दुपारी डोळा लागता लागता मला तो आवाज येतो.

तासा-दोन तासांत तिला कापरं भरलं. तोंडाला फेस आला. मी घाबरले. ओलं फडकं घेऊन तिचं अंग पुसलं. तिला बरं वाटावं म्हणून पुसलं की तुम्हाला दिसू नये म्हणून, हे मला आज एकवीस दिवस ठरवता येत नाही. ती पावडर काही एवढ्यानं निघणार नव्हती, फक्त दिसेनाशी झाली.

तुम्ही आलात. हंडा उतरवायच्या आधीच तुमची नजर गेली. वास तुम्हाला कसा यावा, घरभर तोच वास होता. तुम्ही मटकन खाली बसलात, तिला मांडीवर घेतलंत आणि म्हणालात, "माजं त्याल!" आणि कोसभरावरून आणलेलं ते पाणी, वन्सं, तुम्ही ओंजळी ओंजळीनं तिच्या मानेवर घातलंत. चोळून चोळून मान धुतलीत. तेल लावलं होतं तेवढीच मान. विष तिच्या पाठीवर होतं, पोटावर होतं, पायांवर होतं, आणि मी दाराला धरून उभी होते. तेव्हा जरी तोंड उघडलं असतं तरी कदाचित ती वाचली असती. नसतीही. पण तुम्ही वाचला असता.

दिवस मावळायच्या आत ढवळी गेली. तिचं जुनेर तिच्याभोवती गुंडाळून तुम्ही तिला बांधाच्या बोरीखाली पुरलंत. परत येऊन हात धुतलेत, पुन्हा धुतलेत. "माजंच चुकलं गं शालन. मला ठावं असून मी त्याल लावलं." मी म्हणाले, "तुमचं काही चुकलं नाही, वन्सं." तुम्हाला वाटलं मी समजूत घालतेय. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात. तिथून पुढं मला बोलता येईना. भीती होतीच, तुमची, ह्यांची, गावाची. पण खरं कारण त्याहून हलकं आहे. मी भांडणात हरले होते, आणि ते फक्त मला माहीत होतं. तुम्हाला कळू द्यायचं नव्हतं. एवढ्यासाठी मी तुमच्या माथी ते खापर राहू दिलं. असं कुणी करतं का? मी केलं.

पोतं मी ह्यांना सांगून दुसऱ्याच दिवशी शेतावरच्या खोपीत हलवलं. पोरीला बाधेल म्हटलं. ते बरोबरच होतं, पण उशिरा होतं.

चैत्रात गया आली. तुम्ही तिची गाडी रिकामी व्हायची वाट पाहिली नाहीत. स्वतः गेलात, मीही मागं आले. चाकाला टेकून उभ्या राहिलात आणि सरळ सांगितलंत, "गया, तुजी ढवळी माज्या हातनं गेली. त्याल लावलं मी." गयानं डोक्यावरचं गाठोडं खाली आपटलं. "तुमच्या भरवशावर ठिवली हुती आक्का! जळो तुमचं त्याल!" सगळी गल्ली ऐकत होती. तुम्ही मान खाली घालून परत आलात. तुमच्यामागून चालताना मला तुमच्या टाचेच्या भेगा दिसत होत्या आणि मी त्यांच्याकडंच बघत घरी आले.

पुढल्या दसऱ्याला तरीही दोघी-तिघी आल्या जनावरं घेऊन. तुम्ही दारातूनच म्हणालात, "दुसरीकडं बगा बाई. माज्या हाताला आता गुण न्हाई." बाजारपेठेतले भुसारवाले रहीमचाचा आले, दुकानातल्या उंदरांसाठी पाळलेलं त्यांचं बोकं घेऊन. त्याच्या कानात गोचीड भरले होते, मान वाकडी करून चालत होतं बिचारं. चाचा तुमच्यापेक्षा वडील, तुम्ही त्यांचा शब्द कधी मोडला नव्हता. ते म्हणाले, "आक्का, एक डाव चुकलं म्हनून काय झालं? घे बघू ह्याला." तुम्ही हात पुढं केलात. खरंच केलात, मी बघितलं. आणि बोकं नुसतं हुंगायला लागलं तोच हात मागं घेतलात आणि पदरात गुंडाळलात. चाचा गेल्यावर तुम्ही बराच वेळ तशाच बसलात. मी म्हटलं, "मी काढू का त्याचे?" तुम्ही म्हणालात, "तू काढ की. तुजा हात हलका हाय." मी नाही काढले. कुठल्या हातानं काढणार होते?

त्या वर्षी सोपा रिकामा होता. थंडीच्या दुपारी तुम्ही लिंबाखाली बसायचात आणि मांडीवर काही नसायचं. बोटं मात्र चालायची. लुगड्यावरून, उलट्या दिशेनं, हळूहळू, काही तरी शोधत असल्यागत. तुम्हाला ते कळायचं नाही. मी आतून बघायचे आणि दर दुपारी ठरवायचे, आज सांगू. ती दुपार निघून जायची, मग दुसरी यायची. वन्सं, आळसानं दिवस जातात हे ऐकलं होतं, भ्याडपणानं असे गोड-गोड निघून जातात हे मला माहीत नव्हतं. तुम्ही बेबीला लिंबाची वाळली पानं गोळा करायला लावायचात, मला पापडाचं पीठ तिंबताना टोमणे मारायचात, सगळं वरून छान होतं.

शेवटच्या तापात तुम्ही शुद्धीवर होतात. होळी होऊन दोन दिवस झाले होते. ऊन कलतं होतं, खिडकीतून तुमच्या हातावर येत होतं. मी तुमची बोटं पुसत होते. एकेक बोट, बेचक्यासकट, तुम्ही शिकवलं होतं तसं. आणि एकदम म्हणाले, "वन्सं, मला एक सांगायचंय."

तुम्ही डोळे उघडलेत. "मग सांग की."

तुम्ही वाट बघत होता. घाई नव्हती तुम्हाला. तेव्हा मी काय म्हणाले, आठवतं? मी म्हणाले, "पाणी देऊ का?"

तुम्ही म्हणालात, "दे थोडं." प्यालात. तेवढंच झालं, वन्सं. तुमच्या पदरात पडलं ते चार घोट पाणी.

गया पाडव्याच्या आधी दोन दिवस परतली. तिला वेशीतच कळलं होतं. मी दुसऱ्या दिवशी तिच्या दारात गेले. ती परसात भांडी घासत होती. तिनं पाट दिला, डोळ्याला पदर लावला, म्हणाली, "लई चांगली हुती आक्का. राग निवला हुता माजा, पर सांगायचं ऱ्हाऊनच गेलं." तिथं माझा धीर सुटला. मी सगळं सांगितलं. पावडर, चाटणं, अर्धा हंडा, ओलं फडकं, सगळं. पाटावर न बसता, उभ्यानंच.

गया घासायची थांबली. तिच्या हातावरून राखेचं पाणी ओघळत होतं. मला वाटलं ती आता मारते. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "वैनी, मांजर माजी मेली, ती मेली. पर म्या आक्काला भर गल्लीत त्वांड टाकलं. त्या खाली मान घालून गेल्या. ते माज्या तोंडून कुनी वदवलं? तुमी!" मी पाया पडायला वाकले तर पाय मागं घेतले तिनं. "माज्या पाया पडून काय हुतंय? त्यांच्या हाताला बोल लागलाय, त्यो काढा. उद्या बाजार हाय. माज्याम्होरं न्हाई, समद्यांम्होरं सांगा."

मी गेले. बाजार भरात होता, पाथर्डीची एसटी नुकतीच लागली होती. रहीमचाचांच्या दुकानाच्या पायरीवर चढले.  खाली गया उभी होती, हाताची घडी घालून, हलायचं नाव नाही. मी ओरडून म्हणाले, "वन्संच्या हातानं मांजर मेलं नाही! मी पावडर चोळली, मी! त्यांच्या तेलानं काही झालं नाही!" कुणी तरी हसलं. कुणी म्हणालं, हिला दुःखानं चळ लागलाय. मग गया खालून म्हणाली, "खरं बोलतीया त्या. ऐका." तेव्हा लोक पायरीशी सरकले. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, सावकाश. तुम्ही मांजराविषयी काय म्हणत होता तेही सांगितलं, की त्याच्या अंगावर टाकाल ते त्याच्या पोटात जातं. दोन बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. एकीनं नंतर येऊन विचारलं, "मग काय करायचं ओ, मांजराला?" मी म्हटलं, "विंचरायचं. रोज. कंटाळा करायचा नाही."

रहीमचाचा मापटं हातात धरून तसेच बसले होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. "वरीसभर तिनं हात पदरात बांधून ठेवला," म्हणाले, "आन तू बघत हुतीस, पोरी?"

मी हो म्हणाले.

ह्यांनाही मीच सांगितलं, बाजारातून आल्या आल्या. ते उठून शेतावर निघून गेले. आठवडा झाला, जेवायला येतात, माझ्याशी बोलत नाहीत. बरोबर आहे त्यांचं. ओट्यावर येणारी माणसं आता मांजरीचं नाव काढत नाहीत, माझं काढतात, आणि मी आत असले तरी मला ऐकू येतं. येऊ दे.

आख्ख्या तिसगावाला सांगून झालं, वन्सं. बेबीला काही कळत नाही, तरी काल तिलाही सांगितलं. एका तुम्हालाच सांगितलं नाही.